शिकार घरी येते तेव्हा

आफ्रिकेत मोठी शिकार करून परतणारा माणूस एक-दोन दिवसांत घरी पोहोचतो. त्याने मारलेला प्राणी मागून येतो, बहुधा कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात कातडे सोलून, मीठ चोळून वाळवलेले असते, कवटी उकळून स्वच्छ केलेली असते, जंतुनाशकातून काढून सगळे पेटीत भरलेले असते. पशुवैद्यकाचा दाखला लागतो, निर्यात परवाना लागतो. प्राणी सिंह, बिबट्या किंवा हत्ती असेल तर १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झालेल्या ‘साइटिस’ करारानुसार आणखी कागद लागतात. मग पेंढा भरणाऱ्या कारागिराकडची प्रतीक्षा, काचेचे डोळे, लाकडी पाटी आणि शेवटी दिवाणखान्याची भिंत. शिकार योग्य की अयोग्य याची चर्चा जगभर होते ती बहुधा गोळी झाडण्याच्या क्षणाभोवती. प्राण्याला किती यातना झाल्या, तो किती दुर्मिळ होता, शिकाऱ्याने किती पैसे मोजले, एवढेच विचारले जाते. घरी परतण्याच्या या लांबलचक खटाटोपाकडे कोणी फारसे पाहत नाही. माझे म्हणणे असे की शिकारीचा खरा हेतू तिथेच उघड होतो. माणूस काय घेऊन परततो, कसा परततो आणि आणलेल्या वस्तूचे काय करतो, यावरून तो कशासाठी गेला होता ते कळते. आणि हेतूचा प्रश्न कोणत्याही धर्मविचाराला टाळता येत नाही.

शिकारीची बाजू मांडणारे आज जे सांगतात ते आधी पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे, कारण त्यात बरेच खरे आहे. नामिबियाने १९९६ साली कायदा करून गावसमूहांना आपल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांच्या उत्पन्नावर हक्क दिला. हत्तीने शेत तुडवले तर ज्याचे नुकसान होते त्यालाच त्या हत्तीपासून काही मिळू लागले आणि चोरट्या शिकारीकडे पाहण्याची गावाची नजर बदलली. दक्षिणेकडील पांढरा गेंडा विसाव्या शतकाच्या आरंभी शंभराच्याही खाली आला होता, तो पुढे हजारोंच्या संख्येत गेला. खासगी जमीनमालकांना गेंडे पाळणे परवडले यात शिकारीच्या पैशाचाही वाटा होता. उलट केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, तरी त्यानंतरच्या चार दशकांत तिथल्या मोठ्या वन्यप्राण्यांची संख्या सुमारे दोन तृतीयांशाने घटली. बोट्सवानाने २०१४ मध्ये शिकार थांबवली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. सुमारे एक लाख तीस हजार हत्तींबरोबर राहणाऱ्या देशाचा तो निर्णय होता. हे सारे मान्य करून मी पुढे जातो. पण हा युक्तिवाद नेमकी कोणाची बाजू मांडतो, ते पाहावे. परवाना विकणाऱ्या देशाची, गावाची, वनखात्याची बाजू त्यातून उभी राहते. त्यांचा हेतू स्पष्ट आहे: प्राणी टिकावेत, माणसेही जगावीत. परवाना विकत घेणाऱ्याच्या हेतूबद्दल हा युक्तिवाद एक अक्षरही सांगत नाही.

विकत घेणाऱ्याचा हेतू कळावा असा एक प्रसंग २०१४ साली घडला. नामिबियातील एक काळा गेंडा मारण्याच्या परवान्याचा अमेरिकेत डॅलस इथे लिलाव झाला आणि साडेतीन लाख डॉलरची बोली लागली. प्राणी म्हातारा नर असेल, प्रजननाच्या वयापलीकडचा, इतर गेंड्यांना जखमी करणारा असेल, पैसा गेंड्यांच्या संरक्षणासाठी जाईल, असे सांगितले गेले. हे खोटे मानायचे कारण नाही. पण शिकार ताबडतोब झाली नाही. मेलेला गेंडा अमेरिकेत आणता येईल की नाही हे आधी ठरायचे होते. तिथल्या वन्यजीव खात्याने मार्च २०१५ मध्ये आयातीला मान्यता दिली आणि मे महिन्यात गेंडा मारला गेला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने सिंहांच्या ट्रॉफींची आयात बंद केली, इतर देशांतही तशा मागण्या झाल्या, तेव्हा सफारी चालवणाऱ्यांचा मुख्य आक्षेप एकच होता: मुंडके घरी नेता येणार नसेल तर गिऱ्हाईक येणारच नाही, आणि मग संरक्षणाचा पैसा आटेल. व्यवसाय जवळून ओळखणाऱ्यांचीच ही साक्ष आहे, म्हणून मी ती सर्वांत विश्वासार्ह मानतो. तिचा अर्थ असा की गेंडा वाचवणे, गावाला मांस मिळणे, म्हातारा नर कळपातून दूर होणे, या सर्व गोष्टी साधल्या तरी मुंडके मिळत नसेल तर सौदा होत नाही. दक्षिण आफ्रिकेतील बंदिस्त सिंहांचा धंदा हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून दाखवतो. तिथे पिंजऱ्यात जन्मलेले, माणसाच्या हातून वाढलेले सिंह कुंपणाच्या आत सोडून मारू दिले जात. माग काढणे नाही, धोका नाही, रानाच्या संरक्षणाशी तर दूरचाही संबंध नाही. आयाळदार मुंडके मात्र घरी येई. शिकारीतले सगळे वजा केल्यावरही जे विकले जाते, ते त्या शिकारीचे खरे मोल समजावे लागते.

हेतू असा वेगळा काढून तपासण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले: घरकामात होणारी, उद्योगात होणारी, स्वतःच्या वा इतरांच्या बचावात होणारी, आणि संकल्पी, म्हणजे मारायचे म्हणून मारण्याची. पहिल्या तिन्ही गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत, हे ते शास्त्र मान्य करते. चौथीला मुभा नाही. शेत राखण्यासाठी हत्तीवर गोळी झाडणारा आणि हस्तिदंताची लांबी मोजण्यासाठी गोळी झाडणारा यांच्या हातून मेलेला हत्ती एकच असला, तरी कृत्ये दोन आहेत. मनुस्मृती राजाच्या कामज व्यसनांची यादी देते, तीत मृगया पहिली आहे. याच्या उलट कौटिल्य मृगयेची बाजू घेतो: तिने व्यायाम घडतो, चरबी झडते, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या आणि चिडलेल्या प्राण्याचे मन कळते. म्हणजे शिकारीचे समर्थनही आपल्या परंपरेत आहे आणि ते हुशारीने केलेले आहे. पण कौटिल्याच्या यादीत घरी आणायची अशी एकही वस्तू नाही. जे मिळते ते शिकाऱ्याच्या अंगात आणि बुद्धीत राहते.

महाभारताच्या आदिपर्वातील पांडूची कथा तर जणू न्यायालयातील वादासारखी रचलेली आहे. मृगरूपात पत्नीसह रमलेल्या किंदम ऋषीवर पांडू बाण सोडतो. मरता मरता मृग बोलू लागतो, तेव्हा पांडू आपले समर्थन मांडतो: राजे शत्रूंना मारतात तसे मृगांना मारतात, उघडपणे किंवा कपटाने, खुद्द अगस्त्याने मृगया केली होती. मृगाचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, असे तो म्हणतो. पण तू क्षणभर थांबायला हवे होतेस. परवानगी होती की नव्हती हा प्रश्न तो स्वतःच बाजूला सारतो आणि मारणाऱ्याची वृत्ती समोर ठेवतो. पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. पांडू त्या शिकारीवरून हस्तिनापुराला परतत नाही. अंगावरचे दागिने उतरवतो, सेवकांबरोबर राजधानीला निरोप धाडतो आणि वनातच तपस्वी म्हणून राहतो. हस्तिनापुरात परत येतो तो त्याचा मृतदेह. कथाकाराला राजा शाप घेऊन घरी परतला असे दाखवता आले असते. त्याने घरी परतण्याची वाटच बंद केली.

घरी परतण्याचे हे महत्त्व आफ्रिकेतील शिकाऱ्यांना कोणी शिकवायला नको. कालाहारीत, नामिबियाच्या ईशान्येला आणि बोट्सवानाच्या वायव्येला, जु-होआन्सी लोक राहतात. रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात त्यांच्यात राहून त्यांच्या शिकारीचे वर्णन केले. मोठा प्राणी मारलेला माणूस वस्तीवर येतो तो गाजावाजा न करता. गप्प बसतो, कोणी विचारलेच तर काही विशेष नाही, लहानसे काहीतरी मिळाले असेल, असे सांगतो. दुसऱ्या दिवशी मांस आणायला गेलेले लोक त्या प्राण्याला नावे ठेवतात: हा तर हाडांचा सापळा, यासाठी आम्हाला एवढे चालवलेस! सगळ्यांना माहीत असते की प्राणी धष्टपुष्ट आहे. ही थट्टा मुद्दाम केलेली असते. मोठी शिकार साधलेला तरुण स्वतःला इतरांहून मोठा समजू लागतो, आणि अशा गर्वातून एक दिवस कोणाचा तरी जीव जाईल, म्हणून त्याचे मन शांत करायचे, असे तिथल्या जाणत्याने लीला समजावले. मांस वाटण्याचा मानही नेम धरणाऱ्याकडे नसतो. ज्याचा बाण त्याची शिकार, आणि बाण एकमेकांना दिलेले-घेतलेले असतात. प्राणी मेला हे खरे, पण त्या मरणातून एका माणसाचे मोठेपण उभे राहू नये अशी सारी व्यवस्था आहे. मला यात मोठी धर्मबुद्धी दिसते. मारण्याचे पाप टाळता येत नसेल, तर निदान त्याचा अहंकार होऊ द्यायचा नाही.

याच जु-होआन्सींचे न्याय-न्याय हे नामिबियात नोंदले गेलेले पहिले सामुदायिक संवर्धनक्षेत्र, १९९८ सालचे. आज तिथे परदेशी शिकारी हत्ती मारायला येतात आणि तो पैसा त्या लोकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. हत्ती पडला की मांस वस्तीवर वाटले जाते, सुळे परदेशी जातात. एकाच प्राण्याच्या दोन वाटण्या एकाच जागी होतात, आणि त्यांतली कोणती भुकेसाठी व कोणती नावासाठी हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. रोलंड वॉर्ड या लंडनच्या पेंढा भरणाऱ्या कारागिराने १८९२ मध्ये शिंगांच्या व सुळ्यांच्या मापांची नोंदवही छापली. तेव्हापासून आजवर शिकाऱ्यांच्या जगात इंचांचे हे हिशेब चालू आहेत, आणि त्यांत नाव नोंदवण्यासाठी सर्वांत मोठा नर शोधला जातो. मांसासाठी जाणारा एवढी निवड करत नाही. त्याला मादीही चालते, लहानही चालतो.

शिकाऱ्यांमधील विचारी माणसे यावर म्हणतील की तुम्ही आमची श्रद्धा पाहिलीच नाही. जर्मन शिकारी मेलेल्या प्राण्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. टोपी काढून क्षणभर उभे राहतात. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याने शिकारीवर स्वतंत्र चिंतन लिहिले आणि असे मांडले की शिकारी मारण्यासाठी शिकार करत नाही, शिकार खरी व्हावी म्हणून त्याला मारावे लागते. त्या मरणाविना माणूस रानाचा केवळ प्रेक्षक राहतो. हा आक्षेप मी सर्वांत आदराने घेतो. पण तो मान्य केला तर मुंडक्याची गरजच संपते. शिकार ज्या क्षणी खरी झाली त्याच क्षणी तिचे सार्थक झाले. मग मीठ, पेटी, परवाने आणि भिंत कशासाठी? आठवणीसाठी, असे उत्तर मिळते. ती आठवण तरी खरी असावी. झाडाखाली सावलीत पहुडलेला किंवा आमिषावर खात असलेला बिबट्या भिंतीवर येतो तो दात विचकून झेप घेताना. छायाचित्र काढण्यापूर्वी रक्त पुसले जाते, जीभ आत सारली जाते, मान उचलून धरली जाते. मरणाला सामोरे जाण्यातच शिकारीचे सत्य असेल, तर घरी आणलेली वस्तू ते मरण इतक्या काळजीने का लपवते?

दुसरा आक्षेप आपल्या घरातलाच आहे. रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहणाऱ्यांनी शिकाऱ्याला शहाणपण शिकवावे का? नामिबियातील कुडू हे हरीण मोकळ्या रानात वाढले, एका गोळीत मेले. आपली कोंबडी आयुष्यभर पिंजऱ्यात होती. यातनांचा हिशेब मांडला तर शिकारी आपल्यापेक्षा बरा ठरतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मांसाहाराचा प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर खाणाऱ्यानेच द्यायचे आहे. पण एका दोषाने दुसरा धुतला जात नाही, आणि दोन्ही दोष एका जातीचेही नाहीत. महाभारताच्याच वनपर्वात मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला धर्म सांगतो. तो आपला व्यवसाय निर्दोष असल्याचा दावा करत नाही, आणि त्याचा बडेजावही मिरवत नाही. अशोकाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. आठव्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात आणि त्यांत मृगया चाले. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या: श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतील लोकांशी धर्माची बोलणी. त्याच्याच पहिल्या शिलालेखात मात्र कबुली आहे की राजाच्या स्वयंपाकघरात अजून दोन मोर आणि एक हरिण मारले जाते, हरिणही नेहमी नाही. म्हणजे ताट पुरते सुधारण्यापूर्वी अशोकाने करमणुकीची हत्या थांबवली. हा क्रम मला योग्य वाटतो. आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली आपल्या सोपाऱ्यात सापडला होता. परदेशांशी व्यापार करणाऱ्या त्या बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी राजाने आपल्या बदललेल्या प्रवासाची हकीकत कोरून ठेवली होती.

विज्ञानासाठी आणलेल्या प्राण्यांचे काय? अमेरिकेचे अध्यक्षपद सोडल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, मार्च १९०९ मध्ये, थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेला निघाले. स्मिथसोनियन संग्रहालयासाठी ही मोहीम होती. त्यांनी आणि मुलगा करमिट याने मिळून ५१२ प्राणी मारले. मोहिमेने गोळा केलेले लहानमोठे नमुने अकरा हजारांहून अधिक होते. जून १९१० मध्ये न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांचे स्वागत विजयी सेनापतीसारखे झाले. स्वतःसाठी आपण डझनभर ट्रॉफीच ठेवल्या, बाकी सारे संग्रहालयासाठी किंवा मांसासाठी होते, असे त्यांनी लिहून ठेवले. म्हणजे घरी काय न्यायचे याचा हिशेब नैतिक आहे हे त्यांनाही उमगले होते, आणि त्याबद्दल मी त्यांना मान देतो. पण त्या मोहिमेत पिता-पुत्रांनी मारलेल्या प्राण्यांत उत्तरेकडील पांढरे गेंडे नऊ होते. तो प्रकार आज जवळजवळ संपला आहे. शेवटचा नर मार्च २०१८ मध्ये केनियात ओल पेजेटा इथे मेला आणि मागे दोन माद्या उरल्या. हा ऱ्हास मुख्यत्वे चोरट्या शिकारीमुळे आणि यादवी युद्धांमुळे झाला, रूझवेल्टांमुळे नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कार्ल एकलीची परतण्याची रीत याहून वेगळी होती. तो आधुनिक पेंढा-कलेचा जनक. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी त्याने बेल्जियन काँगोत गोरिला मारले. आपण खुनी आहोत ही भावना दाबून ठेवायला आपली सारी वैज्ञानिक आस्था पणाला लावावी लागली, असे त्याने प्रामाणिकपणे लिहिले. घरी परतल्यावर त्याने गोरिलांसाठी अभयारण्य व्हावे म्हणून बेल्जियमच्या राजापर्यंत पाठपुरावा केला, आणि १९२५ मध्ये आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, आजचे विरुंगा. पुढच्याच वर्षी तिथल्या डोंगरात त्याचा मृत्यू झाला.

एकलीने जे केले त्याला आपले धर्मशास्त्र प्रायश्चित्त म्हणेल, आणि साडेतीन लाख डॉलर दिले त्याला म्हणणार नाही. पाप आणि प्रायश्चित्त यांचा जो विचार महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात विस्ताराने मांडला, त्याचा एक पाया मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे: पापातून सुटका होते ती उघड कबुलीने, अनुतापाने, तपाने, अध्ययनाने, आणि दुसरे काही शक्यच नसेल तेव्हा दानाने. दान शेवटी आहे, अडचणीतला उपाय म्हणून. शिकारीच्या आजच्या समर्थनात दान पहिले येते आणि एकटेच येते. तेही कृत्यापूर्वी दिले जाते, कृत्याची परवानगी म्हणून. अनुताप असेल तर मारलेल्याचे मुंडके पाहुण्यांना दाखवता येत नाही. ते भिंतीवर आहे याचाच अर्थ अनुताप नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो आफ्रिकेकडून येतो. ज्यांच्या दारात सिंह येत नाही त्यांनी आम्हाला उपदेश करू नये. वसाहतवाल्यांनी १९०० साली लंडनमध्ये बसून आफ्रिकेतील प्राण्यांच्या रक्षणाचा करार केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगणारे तिथले लोक कायद्याने चोर ठरले. साहेबाची बंदूक मात्र परवान्याची राहिली. हा राग रास्त आहे. म्हणून नामिबियाने काय करावे हे मी सांगत नाही. परवाने विकायचे की नाही हे न्याय-न्यायच्या लोकांनी ठरवावे. माझा प्रश्न केवळ खरेदीदाराला आहे, आणि त्याच्या देशाच्या सीमेवर तो विचारता येतो: पैसा तिथे राहू दे, मांस तिथे राहू दे, सुळे आणि कातडेही तिथल्यांचेच राहू दे. त्यानंतरही तुला जायचे असेल तर जा. फार थोडे जातील हे मला ठाऊक आहे, आणि त्याने उत्पन्न घटेल हेही. ती तूट श्रीमंत देशांनी आणि रान पाहायला आफ्रिकेत जाणाऱ्या आपल्यासारख्या पर्यटकांनी भरून काढावी. सिंहांनी जगावे असे जगाला वाटते, तर त्यांचे ओझे एकट्या गावाने वाहू नये.

आपली भिंतही कोरी नाही. कोल्हापूरच्या संस्थानात हरणांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात, आणि तिथल्या नव्या राजवाड्याच्या संग्रहालयातले पेंढा भरलेले वाघ आजही पाहायला मिळतात. संग्रहालयाला निदान शिकवण्याचे काम करता येते. पण महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत आजोबा-पणजोबांनी मारलेल्या वाघ-बिबट्यांची कातडी आणि सांबरांची शिंगे अजून मिरवली जातात, त्यांच्या समोर लग्नाचे फोटो काढले जातात. ज्यांच्याकडे ती मालकीच्या दाखल्यासह आहेत, त्यांना ती विकता येत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात ४२-अ हे कलम आले आहे: अशी वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वेच्छेने सुपूर्द करता येते, मोबदला मिळत नाही, आणि ती राज्याची मालमत्ता होते. त्यांनी ती सुपूर्द करावी.